गियर कडक झालाय? नॉब नंतर घ्या, आधी पायाखाली बघा

गेल्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती की गियर टाकताना हाताला कसं लागतं, अडकतो का, खरखरतो का, यावर काही विचारायचं असेल तर लिहा. इतकी पत्रं आली की पुढचे दोन अंक भरतील, आणि त्यातल्या निम्म्या पत्रांत प्रश्न एकच, सर कुठला नॉब लावू? म्हणून आधीच सांगून टाकतो, नॉब, म्हणजे दांड्याच्या टोकावरची मूठ, ही या कामातली सगळ्यात शेवटची वस्तू आहे.

माझी पहिली गाडी सेकंडहँड होती, न्यूट्रलला असताना गियरचा दांडा पडायला आलेल्या दातासारखा हलायचा, तिसरा टाकायला गेलं की कधीकधी पहिल्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा. दोन जणांनी सांगितलं गियरबॉक्स उतरवावा लागेल. मग कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या फिटरकडे नेली, त्यांनी गाडीखाली जाऊन पाचच मिनिटांत काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे सांध्यात बसणारी छोटी कडी, करंगळीच्या नखाएवढा, मूळचा पांढरा असावा पण पिवळा पडलेला आणि मधोमध चिरलेला. "हा बघ तुझा गियरबॉक्स," म्हणाले. नवा बुश बसवला, थोडं ग्रीस लावलं, आणि त्या संध्याकाळी मी उगाचच गावाला दोन फेऱ्या मारल्या, नुसतं दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत. तेव्हापासून कुणी गियर कडक आहे म्हटलं की मी आधी स्वस्तातल्या गोष्टी बघतो. आता पत्रं घेऊ.

प्रश्न (सातारा) : माझ्याकडे २०१६ ची डिझेल सेडान आहे, ८८,००० किमी झालेत. सिग्नलला थांबलं की पहिला गियर पडत नाही, जोर लावावा लागतो, रिव्हर्सला तर कर्रर्र असा आवाज येतो की आजूबाजूचे बघतात. पण क्लच दोन-तीनदा पंप केला की मग गपचूप पडतो. गॅरेजवाला म्हणतो गाडी ठीक आहे मॅडम, तुम्हीच क्लच पूर्ण दाबत नाही. घरचेही तेच म्हणतात. मी १५ वर्षं गाडी चालवतेय. माझं चुकतंय का?

उत्तर : नाही ताई, तुमचं अजिबात चुकत नाहीये, उलट तुम्ही जे लिहिलंय ना, दोन-तीनदा पंप केला की पडतो, ते एक वाक्य त्या मिस्त्रींनी नीट ऐकलं असतं तर तिथेच निदान झालं असतं. मला राग येतो अशा वेळी. चालवणाऱ्याच्या हातापायाला जे कळतं ते कुठलंच स्कॅनर सांगत नाही, आणि बाई चालवतेय म्हटलं की ते ऐकायचंच नाही ही सवय आपल्या गॅरेजांतून जायलाच हवी.

आता काय होतंय ते बघा. तुमच्या गाडीला हायड्रॉलिक क्लच असणार. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते तेल पाईपमधून जाऊन खालच्या स्लेव्ह सिलिंडरला ढकलतं आणि तो क्लच सोडवतो. या लाईनमध्ये हवा शिरली किंवा मास्टरमधला रबरी सील झिजला तर पेडल पूर्ण खाली गेलं तरी खाली पूर्ण ढकल पोचत नाही, क्लच अर्धवटच सुटतो आणि गियरबॉक्समधला शाफ्ट फिरतच राहतो. फिरत्या शाफ्टवर पहिला कसा पडणार? पंप केल्यावर प्रत्येक वेळी थोडं थोडं जास्त तेल पुढे जातं, प्रेशर साठतं, म्हणून तिसऱ्या खेपेला गियर पडतो.

खात्री करायची तर तीन गोष्टी घरच्या पार्किंगमध्ये करा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबून सगळे गियर टाकून बघा, तेव्हा सगळे मऊ पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावरच कडक होत असतील तर गियरबॉक्सवर संशय घ्यायचं कारण नाही, दोष क्लचच्या बाजूचा. मग सपाट जागेवर हँडब्रेक ओढून, इंजिन आयडलवर, न्यूट्रलमध्ये क्लच दाबा, मनात सावकाश पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. पाच मोजूनही कर्रर्र होत असेल तर क्लच सुटत नाहीये हे नक्की. (घाईत लगेच टाकल्यावर आवाज येत असेल आणि थांबल्यावर येत नसेल तर तो दोष नाही, बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवणारी रिंग, नसतो, शाफ्ट थांबायला वेळ द्यावाच लागतो.) तिसरं, समोर मोकळी जागा असताना पहिल्यात क्लच पूर्ण दाबून एक मिनिट तसाच धरा, दुसरा पाय ब्रेकजवळ तयार असू दे. पेडल पूर्ण दाबलेलं असून गाडी हळूच पुढे सरकायला लागली तर मास्टरचा सील आतल्या आत तेल सोडतोय.

ड्रायव्हरच्या पायाशी वाकून, मोबाईलचा टॉर्च लावून क्लच पेडलच्या वरच्या टोकाला बघा, जिथे सळई भिंतीत जाते. तिथे ओलसर, तेलकट दिसलं तर निकाल लागलाच. बॉनेटखालच्या डब्यातली पातळी पण बघा, खूप गाड्यांत ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असतो. तेल चहासारखं तपकिरी झालं असेल तर बदलायची वेळ कधीच होऊन गेलीय. हे तेल हवेतलं पाणी शोषतं, साधारण दर २ वर्षांनी बदलावं. डब्याच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच भरायचं, आणि बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, रंग खातं. मिस्त्रींना सांगा आधी ब्लीड करा, म्हणजे लाईनमधली हवा काढा, त्याने सुधारून महिनाभरात पुन्हा तसंच झालं तर मास्टर आणि स्लेव्हचे सील तपासा. प्लेट-प्रेशर प्लेट उतरवायची गोष्ट त्यानंतर. आणि काय निघालं ते मला नक्की कळवा.

प्रश्न (पिंपरी) : गाडी फक्त ११ महिन्यांची आहे. गेल्या महिन्यापासून पहिला आणि रिव्हर्स जड झाला. सर्व्हिस सेंटरला दोनदा नेली, काही सापडलं नाही. काहीच बदल केलेला नाही, फक्त सीट कव्हर आणि ते नवीन जाड मॅट टाकलेत.

उत्तर : मॅट काढा आणि गाडी चालवून बघा. खरंच, आधी एवढंच करा, मग पुढचं वाचा. क्लच पेडलचे शेवटचे दीड-दोन सेंटिमीटर फार महत्त्वाचे असतात, क्लच तिथेच पूर्ण सुटतो, आणि ते जाड, कोपऱ्यापर्यंत चढवलेले गादीसारखे मॅट नेमके तेवढेच सेंटिमीटर खातात. पेडल जमिनीला टेकलं असं पायाला वाटतं पण ते मॅटला टेकलेलं असतं. मी अशा किती गाड्या बघितल्या आता मोजत नाही. मॅट आवडत असेल तर क्लचच्या खालचा भाग कापून घ्या, आणि ॲक्सिलरेटर मॅटखाली अडकत नाही ना हेही त्याच वेळी बघा, ते तर जिवावरचं आहे.

प्रश्न (बारामती) : १ लाख किमीला गियर ऑइल बदललं. दुकानदाराने ९० नंबर दिलं, म्हणाला सगळ्यात भारी आहे. तेव्हापासून सकाळी पहिल्या दोन-तीन किलोमीटरला दुसरा गियर अडखळतो, गाडी तापली की बरा होतो पण आधीसारखा नाहीच. ऑइलमुळे एवढा फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि हा माझा आवडता विषय आहे म्हणून जरा सविस्तर.

गियर टाकताना हाताला जे लागतं ते काय असतं ते आधी समजून घेऊ. दांडा न्यूट्रलमधून हलवला की पहिल्यांदा एक बारीक खटका लागतो, ती स्प्रिंगने दाबून ठेवलेली लोखंडी गोळी खाचेतून बाहेर पडते. मग क्षणभर एक मऊ अडथळा लागतो. तो अडथळा म्हणजे सिंक्रो. पितळी रिंग गियरच्या निमुळत्या गळ्यावर दाबली जाते, घासते, आणि त्या घर्षणाने दोघांचा वेग एक होतो. वेग जुळेपर्यंत रिंगचे दात मुद्दाम वाट अडवून उभे असतात, जुळला की बाजूला होतात आणि दांडा खट्टकन आत जातो. चांगल्या गियरबॉक्समध्ये हे तिन्ही टप्पे हाताला वेगवेगळे कळतात. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश पहिल्यांदा आणलं, त्याआधी वेग जुळवायचं हे सगळं काम ड्रायव्हरच्या पायाने आणि कानाने व्हायचं.

आता गंमत अशी की या पितळी रिंगला थोडं घर्षण हवंच असतं. गियरच्या दातांना गुळगुळीत तेल हवं आणि रिंगला मात्र पकड हवी, दोघांना एकाच तेलात सांभाळायचं असतं. त्यासाठी रिंगच्या आतल्या अंगाला बारीक आटे असतात, ते मधलं तेल कापून बाजूला काढतात. तेल घट्ट असलं तर ते बाजूला जायलाच वेळ लागतो, तोपर्यंत पकड येत नाही, आणि तुम्ही दांडा ढकलत बसता. म्हणून सकाळी त्रास आणि तापल्यावर बरं.

दुसरी गोष्ट ग्रेडची. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असं लिहिलेलं असतं. जीएल-५ हे मुख्यतः डिफरन्शियलसाठी, मागच्या आसासाठी, तिथे दातांवर प्रचंड दाब असतो म्हणून त्यात सल्फर-फॉस्फरसवाली ॲडिटिव्ह जास्त असतात. पाच आकडा चारपेक्षा मोठा म्हणून तेल भारी असा हिशोब नसतो हो. बऱ्याच जीएल-५ तेलांत ती ॲडिटिव्ह पितळेला मानवत नाहीत आणि रिंगची पकडही कमी करतात. "९० नंबर" ही तर आपल्याकडे सरसकट वापरायची सवयच झालीय, ट्रकपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे तेच. तुमच्या गाडीच्या पुस्तकात शेवटच्या पानांत तेलाचा तक्ता असेल, तिथे जाडीचा आकडा ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० असा काहीतरी, शेजारी जीएल-४ किंवा कंपनीचं स्वतःचं नाव असेल. त्याच्या बाहेर जाऊ नका, दुकानदार काहीही म्हणू दे. काही कंपन्यांच्या गियरबॉक्सला तर एकदम पातळ तेल लागतं, होंडाच्या जुन्या पुस्तकांत त्यांचं तेल नाही मिळालं तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालेल असं लिहिलेलं असायचं. सांगायचा मुद्दा, जाड म्हणजे चांगलं असं काही नाही.

बदलताना एक नियम पाळा, आधी भरायचा बोल्ट सैल करून बघा आणि मगच खालचा ड्रेन बोल्ट उघडा, कारण सगळं तेल काढून टाकलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलाय हे नंतर कळलं तर गाडी तिथेच. गाडी सपाट हवी आणि थोडी चालवून गरम केलेली हवी. भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल आलं, धार बाहेर यायला लागली की बास. ड्रेन बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर काळसर राखाडी लेप दिसेल, चिकटसर, बोटाने पुसला जाणारा, तो झिजेचा आहे आणि तेवढा चालतो. तुकडे किंवा चकत्या दिसल्या तर मात्र थांबा आणि गियरबॉक्स बघणाऱ्याला दाखवा. वॉशर नवीन टाका. तुमचं जे चुकीचं तेल पडलंय त्याने इतक्यात नुकसान झालं असेल असं वाटत नाही, पण उगाच वर्षभर चालवू नका.

प्रश्न (मालवण) : गाडी समुद्राजवळच उभी असते. गियर पडतात पण दांडा सगळीकडे जडच लागतो, डावी-उजवीकडे सुद्धा, चिखलातून काठी ओढावी तसा. क्लच नवीन टाकलाय, ऑइल बदललंय.

उत्तर : इंजिन बंद असताना पण तितकाच जड आहे का? तसं असेल तर केबल. हल्लीच्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत दांड्यापासून गियरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात, एक पुढे-मागे आणि एक डावी-उजवी. खारी हवा आणि पावसाळा यांनी केबलच्या टोकाचं रबर फाटतं, आत पाणी जातं, आतली तार गंजते. तपासायची पद्धत सोपी आहे, गियरबॉक्सच्या डोक्यावर ज्या दोन टोकांना केबल बसते ती टोकं सोडवायला सांगा. मग आत बसून दांडा हलवा, अजूनही जड लागला तर केबल नाहीतर दांड्याचा खालचा सांधा. दांडा मोकळा झाला तर गियरबॉक्सवरचा लिव्हर हाताने हलवून बघा, तो जड असेल तर दोष तिथला, कधीकधी तो लिव्हर ज्या शाफ्टवर फिरतो तिथेच वरून गंज धरलेला असतो आणि साफ करून ग्रीस लावल्यावर सुटतो. केबलमध्ये वरून तेल ओतून मोकळी करायचा खटाटोप करू नका, आठवडाभर बरं वाटतं आणि मग धूळ धरून आणखी जड होते, दोन्ही केबल बदलाव्यात आणि सोडवण्याआधी त्यांचा मार्ग फोटो काढून ठेवावा, कारण एखादं वळण जास्त पडलं तरी नवी केबल जुनीसारखीच लागते. टोकाचे बुश त्याच वेळी बघा. रबर असेल तिथे सिलिकॉन ग्रीस, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

प्रश्न (नागपूर) : मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॅचबॅकला शॉर्ट शिफ्टर आणि जड मेटल नॉब लावायचाय. व्हिडिओत एकदम भारी वाटतं. लावू का?

उत्तर : इंजिनीअरिंगला आहेस म्हणजे तरफ शिकलायस, तर तिथूनच बघू. समज दांडा सांध्याच्या वर ३०० मिमी आणि खाली ५० मिमी आहे, म्हणजे हात ६ सेंटिमीटर हलला की खालचं टोक १ सेंटिमीटर हलतं. शॉर्ट शिफ्टरमध्ये सांधा वर घेतात किंवा खालचं टोक लांब करतात. खालचं टोक ७५ मिमी केलं तर तेवढंच काम हात ४ सेंटिमीटर हलवून होईल, ऐकायला छान, पण हाताला जोर दीडपट लागेल. जोर कुठे गायब होत नाही. तुझा सिंक्रो आधीच थकलेला असेल तर शॉर्ट शिफ्टरने तू त्याला कमी वेळात जास्त जोराने ढकलशील आणि तो लवकर संपेल. गियरबॉक्स निरोगी असेल, बुश नवे असतील, आणि तुला खरंच कडक, नेमका फील आवडत असेल तर लाव, मला स्वतःला तो आवडतो. पण बुश झिजलेले असताना शॉर्ट शिफ्टर लावलास तर तीच ढिलाई हाताला आणखी जाणवेल.

नॉबबद्दल मात्र माझं मत जरा चांगलं आहे. जड नॉबला एकदा गती मिळाली की तो स्वतःच्या वजनाने खटक्यातून आणि सिंक्रोच्या अडथळ्यातून दांड्याला ओढून नेतो, हाताला मऊ लागतं, हे खरं आहे. कंपनीचा नॉब बऱ्याचदा १०० ग्रॅमच्या आसपास असतो, ३००-४०० ग्रॅमचा स्टीलचा लावला की फरक पहिल्याच गियरला कळतो. ॲल्युमिनियमचा दिसायला तसाच पण हलका, त्याला पैसे घालू नकोस. विकत घेण्याआधी आटे बघ, एम१० आणि एम१२ दोन्ही प्रकार असतात आणि आट्यांची जाडीही वेगवेगळी असते, स्क्रूवर दाबून बसवायचे जे नॉब मिळतात ते सहा महिन्यांत फिरायला लागतात. रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग वर ओढावी लागत असेल तर ती रिंग नव्या नॉबसोबत चालते का तेही बघ, नाहीतर पार्किंगमध्ये फजिती. आणि तू नागपूरचा, मे महिन्यात गाडी उन्हात ठेवून ४५ डिग्रीला तो स्टीलचा गोळा पकडायचा आहे हे विसरू नकोस. वर चामड्याचं कव्हर किंवा डेल्रिनसारख्या प्लॅस्टिकचा जाड नॉब घे, वजन थोडं कमी पडेल पण हात भाजणार नाही.

त्याआधी पण तुझ्या बजेटमधलं एक काम सांगतो. कन्सोल उघड, दांड्याखालचा गोळीचा सांधा आणि प्लॅस्टिकच्या वाट्या काढ, पुसून कोरड्या कर, चिरा आहेत का बघ, पातळ थर सिलिकॉन ग्रीसचा लावून परत बसव. एका दुपारचं काम आहे. त्यानंतर आठवडाभर चालव आणि मग ठरव नॉब हवाय का.

प्रश्न (अहिल्यानगर) : ॲक्सिलरेटर दाबला किंवा सोडला की गियरचा दांडा आपोआप पुढे-मागे हलतो. एकदा तिसरा सुटून न्यूट्रल झाला.

उत्तर : इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे माउंटिंग, फाटलंय असं समजून चला. बॉनेट उघडा, ब्रेक घट्ट दाबून दुसऱ्या कुणाला तरी पहिल्यात क्लच जरासा सोडायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहा, समोर नाही. इंजिन उडी मारल्यासारखं उचललं गेलं तर बदला. गियर सुटतोय म्हणजे उशीर करू नका, विशेषतः उताराला.

प्रश्न (भोर) : वरंध घाटातून महाडला नेहमी येणं-जाणं आहे. तिसऱ्यातून दुसरा टाकताना खर्रर्र होतं, वर जाताना म्हणजे पहिल्यातून दुसरा टाकताना काही नाही. गियरबॉक्स उघडायला आता पैसे नाहीत. किती दिवस चालेल?

उत्तर : दुसऱ्याची पितळी रिंग झिजलीय. खाली उतरवताना शाफ्टला वेग वाढवावा लागतो, ते काम जास्त कष्टाचं, म्हणून आधी तिथेच कळतं, आणि घाटात तुम्ही दुसरा दिवसातून शंभरदा टाकणार. तेल बरोबर आहे ना ते आधी बघा, वर बारामतीच्या पत्रात लिहिलंय.

पैसे जमेपर्यंत सिंक्रोचं काम तुम्ही करायचं. जुन्या ट्रकवरचे ड्रायव्हर करायचे तसं डबल क्लच. तिसऱ्यात आहात, क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक हलका दाब द्या म्हणजे आतला शाफ्ट वेग घेईल, लगेच क्लच परत दाबा आणि दुसरा टाका. लिहायला लांब आहे पण जमल्यावर एका श्वासात होतं. बरोबर दाब दिला तर दांडा असा आत जातो की तुम्हाला ढकलावं लागत नाही, नुसता बोटांनी दाखवायचा, आणि कमी-जास्त झाला तर लगेच हाताला बारीक कुरकुर कळते. आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर ३०-३५ च्या वेगाला सराव करा, घाटात शिकायला जाऊ नका. आणि वळणाच्या तोंडावर नाही, वळणाच्या आधी गियर बदला.

एक सवय असेल तर सोडा. घाटात हात गियरच्या दांड्यावर ठेवून चालवतात ना, त्याने आतला फोर्क, म्हणजे गियर सरकवणारा काटा, फिरत्या स्लीव्हवर (तो सरकवतो त्या कड्यावर) सतत घासत राहतो. हात स्टिअरिंगवर. खर्रर्र होऊ न देता चालवलं तर अशा रिंगेवर लोकांनी बरेच दिवस काढलेत, पण रोज खरखरत राहिलात तर रिंगेसोबत स्लीव्ह आणि गियरचे दातही जातील आणि मग खर्च कितीतरी वाढेल.

प्रश्न (मिशिगन, अमेरिका) : मूळचा डोंबिवलीचा. इथे जुनी पहिल्या पिढीची माझदा मियाटा घेतली, १९९४ ची. हिचा गियर जगात भारी म्हणतात, पण माझा दांडा ढिला आहे, आतून गरम हवा आणि आवाज येतो, आणि थंडीत पहिली दहा मिनिटं दुसरा पडतच नाही.

उत्तर : किती छान गाडी घेतलीत! १९८९ ला ही गाडी आली तेव्हापासून गियर कसा लागावा याचं उदाहरण म्हणून लोक तिचंच नाव घेतात, आणि त्याचं कारणही साधं आहे, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, गियरबॉक्स थेट सीटच्या मधोमध, दांडा सरळ गियरबॉक्सच्या डोक्यात जातो, मध्ये केबल नाही की लांब सळई नाही. तुमच्या हातात आणि फोर्कमध्ये फारसं काही नाहीच. त्यामुळे जे थोडंफार आहे ते झिजलं की लगेच कळतं, आणि दुरुस्त केलं की लगेच कळतं.

या गाडीत दांडा जिथे बसतो त्या घराला स्वतःचं वेगळं तेल असतं, गियरबॉक्सच्या तेलापासून वेगळं, आणि बहुतेक मालकांना ते माहीतच नसतं त्यामुळे ३० वर्षं तसंच पडून असतं. नॉब फिरवून काढा, कन्सोल काढा, वरचं मोठं रबरी बूट काढा, त्याखाली छोटं बूट आहे ते फाटलेलं असणार, गरम हवा आणि आवाज तिथूनच. गियर न्यूट्रलला ठेवून बोल्ट काढले की दांडा सरळ वर निघून येतो. त्याच्या टोकाला प्लॅस्टिकचा एक टोपीसारखा बुश दिसेल किंवा त्याचे तुकडे दिसतील, वर गोळीशी आणखी एक नायलॉनची वाटी असेल. आता भोकात बघा, तळाशी काळं, गाळासारखं तेल असेल, नाहीतर कोरडं ठणठणीत. मोठ्या सिरिंजला नळी लावून ओढून घ्या, स्वच्छ फडक्याने पुसा, आणि बोल्ट काढता-घालताना त्या भोकावर फडकं दाबून ठेवा, तिथे एक वॉशर पडला तर काढताना जीव जातो. नवे बुश, नवी दोन्ही बूटं, साधारण ८०-९० मिली नवं ७५डब्ल्यू-९० गियर ऑइल आत, दांडा परत.

थंडीचं म्हणाल तर उणे दहा-पंधरात जुनं गियर ऑइल मधासारखं होतं, गियरबॉक्सचं २ लिटर तेल पण आत्ताच सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० टाका, पितळी सिंक्रोला चालणारं आहे ना ते डब्यावर वाचून. तरी पहिली पाच मिनिटं सकाळी तिला जपा, जोराने ढकलू नका, पहिल्यातून दुसरा टाकताना न्यूट्रलला अर्धा क्षण थांबून मग टाका. गाडी तापली की दांड्याला दोन बोटं लावून दुसरा टाकून बघा, आणि तेव्हा हाताला काय लागलं ते डोंबिवलीच्या मराठीत मला लिहून पाठवा.